खुणेची ताटली

ताटलीच्या कडेला खिळ्याने मारलेली एक बारीक रेघ, एवढीच खूण होती. ती मी मागच्या पडवीत बसून मारली, कोणी बघत नाही हे दोनदा पाहून. पेल्यालाही तशीच मारली. घासून झाली की ही दोन भांडी इतर भांड्यांत मिसळू न देता चुलीमागच्या फळीवर पालथी घालत होते. घरात एवढी भांडी, त्यात हे कोणाच्या लक्षात येणार, असं मला वाटलं होतं. सासूबाईंच्या ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

"ह्या काय नवीन? ताटली येगळी, पेलो येगळो?"

"उपास धरलंय," मी म्हटलं.

"खयच्या देवाचो?"

मला ऐन वेळी देव आठवेना. मी चुलीत फुंकर घालत राहिले.

"आणि उपासाक बांगड्याची कढी कोण खाता गो?"

त्या दिवसापासून त्या माझ्यावर नजर ठेवून असायच्या. मी विहिरीवर किती वेळ उभी राहते, पिशवीत काय ठेवते, कोणाशी बोलते, सगळ्यावर. आठ दिवसांनी त्यांनी मला शेगटाच्या झाडाखाली गाठलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुका दिवस गेले काय?" माझं वय पंचेचाळीस. दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर मी हसले असते. पण त्या असं काहीतरी समजून आहेत तर बरंच आहे, असं मला वाटलं. मी मान खाली घातली. त्यांनी त्याचा अर्थ काय लावला कोण जाणे, पुढचे दोन महिने माझ्या पोटाकडे बघत होत्या.

या सगळ्याचं मूळ माझ्या भावात होतं.

माझं माहेर फोंडाघाटाच्या बाजारापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. भात, थोडे काजू, चार आंब्याची कलमं, यातच त्याचा जन्म गेला. त्याने कधी दारूला हात लावला नाही. शिमग्यात सगळी वाडी डुलत असायची, तेव्हा पालखीचा दांडा सरळ धरणारा हा एकटा. तीन वर्षांपूर्वी त्याचं पोट फुगायला लागलं आणि हातपाय काडीसारखे झाले. गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. लिव्हरचा कॅन्सर, आणि तोही फार पुढे गेलेला.

वाडीत एकच बोलणं सुरू झालं. लिव्हर म्हणजे दारू. "लपान पियत असतलो," असं त्याच्याच शेजारी म्हणत. "तोंडाक वास येणा नाय असली पण गावता." मी त्याच्या सेवेला माहेरी जाऊन राहिले होते, आणि विहिरीवर हे रोज ऐकून ऐकून माझंही मन फिरलं. एका दुपारी त्याला डोळा लागलाय असं बघून मी त्याची पत्र्याची ट्रंक उघडली. जमिनीचे कागद, लग्नातला फेटा, आईची चांदीची कुंकवाची डबी. मी तळापर्यंत हात घातला.

"गावली?"

तो जागा होता.

"काय?" मी विचारलं.

"बाटली."

"मी चादर शोधतंय," मी म्हटलं.

"चादर माज्या अंगार आसा," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

तो रागावला नाही. रागावला असता तर मला सोसलं असतं. त्यानंतर तो महिनाभर होता, आणि मला त्याची माफी मागायला रोज वेळ होता. मी मागितली नाही. माझ्या तोंडून अशा वेळी शब्द निघत नाही, लहानपणापासूनच.

त्याला घरी पाठवताना गोव्याच्या डॉक्टरीण बाईंनी वहिनीला आणि मला खोलीत बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, ही दारूने झालेली गोष्ट नाही. (हे ऐकूनही मी पुढे ती ट्रंक उघडली होती.) यांच्या रक्तात कावीळ ब आहे, बहुतेक जन्मापासून. ही कावीळ डोळ्यांत पिवळी दिसत नाही, ताप येत नाही. माणूस शेत नांगरतो, लग्न करतो, आणि ती आत बसून वर्षानुवर्षं लिव्हर खात राहते. वेळीच कळलं असतं तर नजर ठेवता आली असती. बायको, मुलं, भावंडं, सगळ्यांचं रक्त तपासा. वहिनीचं तपासलं, काही निघालं नाही. मुलांना लहानपणी लस दिलेली होती, तीही सुटली. माझ्यासाठी त्यांनी एक चिठ्ठी दिली.

ती चिठ्ठी मी घरी आणून तांदळाच्या डब्याखाली घातली आणि सात महिने तिथेच राहू दिली. मला त्या चिठ्ठीचा संशय येत होता. मी धडधाकट. वेंगुर्ल्याच्या काजूच्या कारखान्यात दिवसभर बसून काजूगर सोलते, डोकं दुखलं म्हणून कधी घरी राहिले नाही. ज्याचं दुखत नाही त्याचं रक्त यांना कशाला हवं? मेलेला माणूस परत येणार नाही, आता हे माझ्या मागे का लागलेत?

मग कारखान्यातच रक्त तपासणीचं शिबिर आलं. टेबल मांडलं, पांढऱ्या कोटातली दोन माणसं बसली, आणि आम्ही बायका भिंतीला चिकटून उभ्या.

"रगात घेतत आणि इकतत," एक म्हणाली.

"तुजा कोण इकत घेतलो? त्यात नुसती सुक्या बांगड्याची खारी आसतली," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"हसा. कोणाक काय आसा ता लिवन घेतले आणि उद्या कामावरसून काढतले."

हे शेवटचं सगळ्यांना पटलं. अर्ध्या बायका लघवीला म्हणून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मीही जाणार होते. पण भावाचा तो शब्द, 'गावली?', माझ्या कानात होता. मी रांगेत राहिले आणि हात पुढे केला.

निकाल घेऊन आरोग्याचं काम बघणारी गावातली आशाताई घरी आली. सासूबाई उंबऱ्यावरच बसलेल्या. "काय निघाला?" त्यांनी विचारलं. आशाताई म्हणाली, "रगात कमी आसा तिचा, पालेभाजी देवा." मला मागच्या दारी घेऊन गेली तेव्हा खरं सांगितलं. कावीळ ब आहे. घाबरू नको, उपजिल्हा रुग्णालयात जाऊ, मी येते सोबत.

तिने मला वाचवण्यासाठी खोटं सांगितलं हे मला कळत होतं. पण माझ्या मनात आलं ते वेगळंच. ही सासूबाईंसमोर इतकं सहज खोटं बोलते, मग दुसऱ्यांच्या पडवीत माझ्याबद्दल किती सहज खरं बोलत असेल! त्यानंतर ती कोणाच्या घरून हसत बाहेर पडली की मला वाटायचं, झालं, सांगितलं हिने. मग वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली असेल. माझ्या पुढे रांगेत उभी होती ती बाई तेव्हापासून मला नीट झोपलेली, टवटवीत दिसायला लागली. माझं चांगलं रक्त हिच्या नावावर गेलं, असं मी दोन आठवडे तरी मानत होते. पुन्हा रक्त दिलं. तेच निघालं.

हा रोग कसा पसरतो ते आशाताईने समजावलं. रक्तातून, बाळंतपणात आईकडून मुलाला, दुसऱ्याला वापरलेल्या सुईतून, आणि नवरा-बायकोमध्ये. शेवटचं ऐकलं आणि माझं पुढचं ऐकणं बंद झालं.

माझे यजमान पूर्वी गोव्याच्या ट्रॉलरवर खलाशी होते. बारा वर्षं. दोन-दोन महिने घरी नाही. आता घरची छोटी होडी आहे, सकाळी जातात, दुपारी येतात. पण ती बारा वर्षं मी मनात पुन्हा एकेक करून काढली. कोणत्या गणपतीला उशिरा आले होते, कोणत्या वेळी नवा शर्ट होता, कोणत्या बंदराचं नाव घेताना हसले होते. जेवायला वाढताना मी त्यांच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, तूच. दुसरं कोण असणार!

त्यांना सांगणं भाग होतं, कारण त्यांचंही रक्त तपासायचं होतं. ते होडीच्या सावलीत जाळं विणत बसले होते. मी त्यांच्याकडे न बघता चार वाक्यांत सांगून टाकलं. त्यांची सुई थांबली, मग पुन्हा चालू झाली.

"येतंय उद्या," एवढंच म्हणाले.

त्यांच्या रक्तात काही निघालं नाही. कागदावर त्या आजाराच्या शब्दापुढे माझ्या कागदावर होता तोच शब्द होता, पण त्याच्या आधी एक छोटा शब्द जास्त. तो छोटा शब्द म्हणजे 'नाही', हे आशाताईने दाखवलं. रुग्णालयातून परत येताना एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. मी मनात त्यांची बारा वर्षं त्यांना परत देत होते. उतरायच्या आधी त्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं,

"मगे तुका खयसून इला ह्या?"

आता ते माझ्याकडे तसं बघत होते, जसं मी त्यांच्याकडे बघितलं होतं. कारखान्याचा मुकादम, रिक्षावाला, माहेरची जत्रा, काय काय त्यांच्या मनात फिरत होतं ते मला दिसत होतं. मला राग यायला हवा होता. पण कुठल्या तोंडाने रागावणार?

उत्तर पोटाच्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात काढलं. त्यांनी विचारलं, तुमचे आई-वडील? मी म्हटलं, आई मी चौथीत असताना गेली. पोटात पाणी झालं होतं. तेव्हा लोक म्हणाले करणी केली. तिच्या मागे घरात भाकरी करायला मीच, म्हणून माझी शाळा सुटली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, मग तुम्हाला आणि भावाला दोघांनाही तिच्याकडूनच आलं असेल, जन्म होताना. त्या काळी बाळाला द्यायची लस आपल्याकडे नव्हती. यात कोणाचं वागणं काढायचं कारण नाही. यजमान बाजूलाच उभे होते. त्यांनी "हां" म्हटलं. त्या 'हां'मध्ये किती पटलं आणि किती उरलं, ते मला आजही ठाऊक नाही. पण लसीची तिन्ही इंजेक्शनं त्यांनी न चुकता घेतली, आणि दर वेळी दंड दाखवून, "बग, टोचून घेतलंय," असं म्हणाले.

मला आत्ता गोळी नको, असं डॉक्टरांनी ठरवलं. दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी. "काही वाटत नाही म्हणून चुकवायचं नाही," म्हणाले. "लिव्हरवर सतत संशय घ्यायचा." ते मला सोपं होतं. मी सगळ्यांवर घेतच होते. आणि म्हणाले, तुमच्या मुलीचं रक्त तपासा.

आम्हाला एकच मुलगी. नुकतंच लग्न झालेलं, रेडी गावात दिलेली. तिची सासू स्वच्छतेची फार कडक. विहीणबाईंना हे कळलं तर काय होईल, ते मला समोर दिसत होतं. मुलीला न्हाणीघरातच जेवायला बसवतील. मी म्हटलं, सांगू. गणपतीत सांगू, दिवाळीत सांगू. दिवाळीत कळलं की तिला दिवस गेलेत. मग फोनवर विचारलं, "रगात तपासलां मा?" ती म्हणाली, "होय गो आये, सगळा केला." आवाज जरा वेगळा वाटला. पण सगळं केलं म्हणाली, म्हणजे झालं, असं मी स्वतःला समजावलं.

ताटली मी तेव्हाही वेगळीच ठेवत होते. एकदा आशाताईने ती फळीवर बघितली.

"बाये, ही कावीळ ताटलेतसून येणा नाय. एका ताटात जेव सगळ्यांबरोबर. येता ती रगतातसून." मग माझ्या हातातल्या सोलायच्या सुरीकडे बोट केलं. कामाच्या दिवसांत काजूगर घरी आणून सोलत होते. "ताटलेक रेग मारलंस, आणि ह्या सुरयेन आठवड्यात दोनदा बोट कापता, ती मात्र सगळ्या घराक मोकळी?"

मी सुरी वेगळी केली. पण ताटली तशीच ठेवली. आशाताईवर माझा विश्वास बसला होता, तरी पूर्ण नाही. माझ्या आईची भांडी तिच्या मागे विहिरीत टाकली होती, हे मी बघितलेलं. उगाच टाकली असतील का, असं वाटायचं.

शिमगा झाला आणि मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आठवा सरत आलेला. आली ती गप्प. पहिल्याच दुपारी माझ्याजवळ बसली आणि सवयीने माझी सुरी उचलून काजूगर सोलायला लागली. मी ती तिच्या हातातून ओढून घेतली, जरा जोरातच.

"हात लावू नको."

तिने माझ्याकडे बघितलं. मग फळीवरच्या ताटलीकडे. उठून आत गेली. मला वाटलं, रुसली. गरोदरपणात होतं असं.

ती न्हायला गेली तेव्हा मी तिच्या पिशवीतली फाईल काढली. मला इंग्रजी येत नाही. म्हणून मी माझा कागद शेजारी ठेवला होता. त्यावर आजाराचं नाव होतं, त्याचं पहिलं अक्षर एका पायरीच्या शिडीसारखं. तो शब्द तसाच्या तसा मी तिच्या कागदांत शोधत होते. एका कागदावर शिडी दिसली, पण पुढची अक्षरं वेगळी. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. कागदांना कोपऱ्यात आकडे होते. एक, दोन, तीन, आणि मग एकदम पाच. चार नव्हता. पिन काढून पुन्हा मारल्याची दोन भोकं होती.

मी ती भोकं बोटाने चाचपली. विहीणबाई! त्यांनी बघितलं, त्यांना कळलं, आणि त्यांनी कागद काढून ठेवला. उद्या मुलीला परत न्यायची नाही ठरलं की तो बाहेर काढतील.

"काय शोधतंस गो आये?"

दारात मुलगी उभी होती, केस ओले. माझा भाऊ अंथरुणातून बोलला होता तसाच तो आवाज.

"तारीख," मी म्हटलं. "बाळंतपणाची."

"ती पयल्या पानार आसा," ती म्हणाली.

आता सांगायचं, असं मी त्या आठवड्यात रोज सकाळी ठरवत होते. रोज सासूबाई समोर असायच्या, किंवा मुलगी तोंड फिरवून बसलेली असायची, किंवा मीच काहीतरी काम काढायची. नवव्या दिवशी सकाळी भाकरी भाजत असताना तिला कळा सुरू झाल्या, तारखेच्या तीन आठवडे आधीच.

आम्ही तिला रिक्षाने रुग्णालयात नेलं. सासूबाई बरोबर आल्या. नर्सबाईंनी फाईल चाळली, मुलीला आत घेतलं, पडदा ओढला. सासूबाई पडद्याच्या तोंडाशीच स्टूल घेऊन बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला बजावू लागल्या. "पाचवी पुजल्याबगर आमच्यात पोराक सुई लावणत नाय. आदीच सांगान ठेवतंय." पाचव्या दिवशी रात्री पाटा-वरवंटा मांडून पूजा होते. त्याआधी बाळाला लोखंड टोचलं तर पूजेला येणारी रागावते, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मुलीच्या वेळी घरी सुईणीने बाळंत केलं, आणि पुढेही मी तिला कसलंच इंजेक्शन देऊ दिलं नव्हतं. तेव्हा मीही तेच म्हणाले होते.

डॉक्टरांनी मला सांगितलेलं मला पाठ होतं. आईला असेल तर बाळाला जन्मल्यावर लगेच, एका दिवसाच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. लस, आणि आणखी एक वेगळं इंजेक्शन. मग बाळ वाचतं. त्या वेळेत नाही दिलं तर ते बहुतेक जन्मभराचं. माझ्यासारखं. माझ्या भावासारखं. फाईलमध्ये तो कागद नाही, म्हणजे इथे कोणाला काहीच माहीत नाही. आणि सासूबाई ऐकत असताना मी काय बोलणार होते?

औषधांच्या खिडकीपाशी एका पेटीवर पेन दोरीने बांधलेलं होतं. पिशवीत माझा स्वतःचा तपासणीचा कागद होता. मी त्याच्या मागे लिहिलं. शाळा सुटल्यापासून फारसं लिहिलं नव्हतं म्हणून अक्षरं मोठी आली.

'नर्सबाई, मी बाळंतिणीची आई. मला कावीळ ब आहे. माझ्या आईपासून आली. मुलीची तपासणी फाईलमध्ये सापडत नाही. बाळ होण्याआधी बघा. मोठ्याने वाचू नका.'

नर्सबाई बाहेर आल्या तेव्हा मी कागद त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी मागची बाजू वाचली, उलटून पुढची वाचली, आणि माझ्याकडे एक क्षण बघितलं. मला वाटलं आता ओरडणार. त्या म्हणाल्या, "आई, पाणी आणलंय का? या, आत ठेवा." आणि मला आत घेतलं.

त्यांनी मुलीच्या बोटाला टोचून एका पट्टीवर थेंब टाकला. थोड्या वेळाने पट्टीवर दोन रेघा उमटल्या. माझ्या ताटलीवर मी एक मारली होती, इथे दोन. मुलगी कळांमध्येही ती पट्टी बघत होती. तिने विचारलं नाही की हे काय आहे. म्हणाली, "आता सगळ्यांका कळतला."

नर्सबाईंनी हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

चौथ्या नंबरचा कागद तिनेच काढला होता. तिसऱ्या महिन्यात तिला कळलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं, ती गेली नाही. घरी कोणाला सांगितलं नाही. कोणाकडून आलं हे तिनेही स्वतःशीच ठरवून टाकलं होतं. जावई लग्नाआधी मुंबईत नोकरीला होते.

"सा म्हयने मी त्यांच्याकडे बगूक नाय नीट," ती म्हणाली. "आणि तुजी ती ताटली बगली. म्हटला, आयेक कळला खयसून तरी. माका बाजूक काढल्यान."

"ताटली माजी," मी म्हटलं. "मी माका बाजूक काढलंय. तुका माज्यापासून इला. माका माज्या आयेपासून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुन्हा कळ आली आणि तिने माझा हात धरला, की चिमटा काढला, मला सांगता येणार नाही.

"तुका म्हायत होता?" कळ ओसरल्यावर ती म्हणाली. "कदीपासून?"

"तुज्या लग्नाच्या आदीपासून."

तिने माझा हात सोडला.

दुपारी दोनच्या सुमाराला मुलगी झाली. लस तिथेच होती. दुसरं इंजेक्शन जिल्ह्याच्या रुग्णालयातून आणायचं होतं. डॉक्टरांनी फोन केला, आणि होडीवरून परतून आलेले यजमान बर्फाचा डबा घेऊन रुग्णालयाच्या जीपमध्ये बसून गेले. नर्सबाई लस भरून आणत होत्या तेव्हा सासूबाई स्टुलावरून उठल्या आणि पाळण्याला आडव्या उभ्या राहिल्या.

"पाचवी होवंदे मगे काय ता करा. पाच दिवसांत काय आबाळ पडणा नाय."

नर्सबाई समजावू लागल्या. सासूबाई ऐकेनात. सगळा वॉर्ड बघत होता. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, आणि त्यांच्या समोर मी कधी मोठ्याने बोलले नव्हते.

"टोचा," मी म्हटलं.

सासूबाई वळल्या. "काय म्हटलंस?"

"टोचा, बाई. आत्ताच."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सासूबाई बाजूला झाल्या. पटलं म्हणून नव्हे. मी बोलले याच धक्क्याने. बाळाने एक बारीक आरडा केला. संध्याकाळी सहाच्या आत दुसरं इंजेक्शनही झालं. नर्सबाई म्हणाल्या, अंगावरचं दूध द्या, काही भीती नाही. मुलीला मात्र डॉक्टर रागावले. वेळेत आली असतीस तर आधीच गोळ्या लागतात का ते बघितलं असतं. ती ऐकत राहिली. मला वाटत होतं, हे मला बोलायला हवं.

बारा दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. जावई आले तेव्हा त्यांना तिने स्वतः सांगितलं, दार लावून. त्यांचं रक्त चांगलं निघालं, त्यांनीही लस घेतली. विहीणबाईंनी न्हाणीघर वगैरे काही केलं नाही. फक्त विचारलं, "बाळाला पुढची कधी द्यायची?" आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतः तारखा लिहिल्या. मी त्यांच्याबद्दल किती महिने काय काय समजत होते! सासूबाईंना अजून वाटतं, पाचवीच्या पूजेत काहीतरी राहून गेलं. बाळाला सर्दी झाली की माझ्याकडे बघतात.

त्या बाराव्या दिवशी बारशाची पंगत वाढताना मुलीने फळीवरची माझी ताटली काढली, इतर ताटल्यांत घातली, आणि सगळ्या फिरवून टाकल्या. त्या दिवशी ती कोणाच्या वाट्याला गेली मला कळलं नाही. मी सगळ्यांच्या ताटाच्या कडा बघत होते.

बाळाच्या पुढच्या सगळ्या लसी वेळेवर झाल्या. वर्ष झाल्यावर तिचं रक्त तपासायचं होतं, ते गेल्या महिन्यात तपासलं. मुलगी आणि मी आता एकाच दिवशी सोनोग्राफीला जातो, त्याच दिवशी निकाल घ्यायला गेलो. नर्सबाईंनी हसून कागद मुलीच्या हातात दिला. तिने वाचला आणि माझ्याकडे दिला.

मी बाकावर बसून तो मांडीवर पसरला. आधी नाव बघितलं, नळ्या बदलतात म्हणून. मग शिडीचं अक्षर शोधलं. मग त्याच्या पुढचा शब्द. मग त्याच्या आधी छोटा शब्द आहे ना, तो. बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मुलगी बाळाला कडेवर घेऊन उभी होती. तिसऱ्यांदा माझं बोट वर गेलं तेव्हा म्हणाली,

"गावला काय, आये?"

"नाय," मी म्हटलं. "कायच नाय गावूक."

तरी घरी येताना एसटीत तो कागद मी आणखी एकदा बघितला.